कबड्डीच्या सामन्यात पालकांनी मैदानाबाहेरून काय बोलावे?

तालुक्याच्या स्पर्धेत मुलगी कबड्डी खेळत असताना पालकांनी तिला कसा धीर द्यावा, असे आपण विचारले आहे. चढाई अवघ्या 30 सेकंदांची असते आणि तेवढ्यात दम टिकवून बोनस रेषा व समोरचे बचावपटू यांवर लक्ष ठेवावे लागते. अशा वेळी चुन्याच्या रेषेबाहेरून ‘उजवीकडे जा’, ‘पाय टाक’ असे ओरडल्यास ती गोंधळते. सूचना देणे प्रशिक्षकांवर सोडावे. आपण टाळ्या वाजवाव्यात, दुसऱ्या गावच्या मुलीने चांगली पकड केली तरीही. बाद होऊन बाहेर बसलेली मुलगी आधी वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहते, हे मी आमच्या यवतमाळकडच्या मैदानांवर अनेकदा पाहिले आहे. त्या क्षणी कृपया निराशेने मान हलवू नका. परतताना एसटीत चुकांचा हिशेब न काढता भूक लागली का, एवढेच विचारा.