'दिवसा: शून्य' असं लिहिलेला हिशोब

"आईला केअर सेंटरमध्ये ठेवायचं तर पैसे आणायचे कुठून?" दादरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न हल्ली सारखा येतो. विचारणारे बहुतेक पन्नाशीतले. मुलांच्या कॉलेजची फी अजून संपलेली नसते आणि घरात कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं असतं. त्यातल्याच एका घराची ही गोष्ट, ओळख पटेल असे तपशील बदलून.

आई 81 वर्षांच्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण पुन्हा चालता आलं नाही. त्या कांदिवलीला मुलाकडे, मुलगी पुण्याला. बदलापूरकडच्या एका केअर सेंटरने महिन्याचे 35,000 सांगितले. डायपर, फिजिओथेरपी धरून 40,000. भावाला वाटत होतं, मेडिक्लेम आहे ना! पुष्कळांचा हाच समज असतो. मेडिक्लेम काय किंवा सत्तरीपुढच्यांना 2024 पासून मिळणारं आयुष्मानचं 5 लाखांचं कवच काय, ते हॉस्पिटलातल्या उपचारांसाठी. कूस बदलायला, भरवायला रोज माणूस लागतो, त्याचा पैसा त्यातून सुटत नाही.

भाऊ म्हणायचा, "घरी स्वस्त पडतं." बहीण म्हणायची, "मग मी पैसे कशाचे देऊ?" मी संपूर्ण कुटुंबासोबत काम करते, एकट्याची म्हणून आलेली काळजी क्वचितच एकट्याची निघते, असं माझं ठाम मत आहे. म्हणून सूनबाईंनाही बोलवा, असा आग्रह धरला.

त्या दिवशी कागदावर दोन रकाने केले. 'घरी' या रकान्यात भावाने लिहिलं: रात्रीची बाई 15,000. दिवसा: 0.

सूनबाईंनी कागद स्वतःकडे ओढला. "दिवसा शून्य?"

"अगं, दिवसा तू असतेसच ना."

"पतपेढीतली नोकरी सोडली तेव्हा मला 27,000 मिळत होते. ते लिहा."

तो लिहीना, तेव्हा त्यांनीच शून्य खोडून आकडा लिहिला. बेरीज 42,000. पुण्याची नणंद म्हणाली, "वहिनी, तू हे कधी बोलली नाहीस."

"कुणी विचारलं होतं?"

खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही, आणि मीही ती शांतता मोडली नाही. अशा वेळी समुपदेशकाने गप्प राहावं, हे मी अनुभवाने शिकले आहे. त्या घरातला सगळा ताण त्या शून्यात होता. एकाची मेहनत हिशोबात येत नसली की तिघंही चिडतात: करणारी थकून, पाहणारा अपराधी वाटून, लांब असलेली संशयाने. आकडा लिहिला गेल्यावर भाऊ पहिल्यांदाच म्हणाला, "आपण आईलाच विचारू या."

आईंचं उत्तर लगेच आलं: "मुलुंडची जागा कुलूप लावून कुणासाठी ठेवली आहे?" वाटणीच्या वेळी भाडेकरू नको, म्हणून ती बंद होती. तिचं भाडं 22,000 ठरलं. आईंची 15 लाखांची मुदत संपलेली ठेव पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकली, 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 30,750, म्हणजे महिना 10,250. केअर सेंटरच्या 40,000 मधले उरलेले महिना 7,750 बहीण-भावाने निम्मे-निम्मे घेतले. सूनबाई पुन्हा नोकरी शोधू लागल्या.

प्रत्येकाकडे मुलुंडला जागा नसते, हे मला माहीत आहे. तरी क्रम हाच ठेवा: आधी आई-वडिलांचं स्वतःचं उत्पन्न आणि मालमत्ता, मग मुलांचा वाटा, कर्ज सगळ्यात शेवटी. त्यांचा पैसा त्यांच्यासाठी खर्च होताना वारसा कमी होतोय असं वाटलं, तर ते घरात उघड बोला. राहतं घर असेल तर बँकेत रिव्हर्स मॉर्गेजची, म्हणजे घर गहाण ठेवून त्यातच राहत बँकेकडून ठरावीक पैसे घेण्याची, चौकशी करा. आणि आई-वडिलांनो, घर बक्षीसपत्राने मुलांच्या नावे करायची घाई नको. करायचंच तर सांभाळण्याची अट त्यातच लिहून घ्या. अट मोडली तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली ते रद्द करून घेता येतं. मुलं मुळीच देत नसतील तर त्याच कायद्याखालच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाहभत्ता मागता येतो. अर्ज कुठे करायचा हे ज्येष्ठांच्या 14567 या हेल्पलाइनवर विचारा.

केअर सेंटर पाहायला जाल तेव्हा डिपॉझिट परत कधी मिळतं आणि दरवर्षी किती वाढ होते, हे लेखी घ्या. मधेच हॉस्पिटलात न्यावं लागलं तर त्या दिवसांचे पैसे कापतात की नाही, हेही विचारा; बहुतेक घरं हा प्रश्न विसरतात.