नोकरी बदलायची आहे, पण स्वभावाला साजेसं काम कसं शोधायचं?

तुम्ही लिहिलंय की बँकेत बरीच वर्षं झाली, टार्गेटचा वीट आलाय, स्वभाव अबोल आहे आणि छत्तिशीत समाधान देणारं नवं करिअर हवंय. मीही एका बँकेच्या शाखेत विमा आणि म्युच्युअल फंड विकत होते. आता एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात सहायक आहे. म्हणून सांगते, क्षेत्र ठरवायची घाई करू नका. रोजचे सात-आठ तास नेमक्या कोणत्या कामात गेलेले तुम्हाला आवडतील, ते आधी बघा.

अबोलपणा प्रत्येकाचा निराळा असतो. अनोळखी ग्राहकाला पॉलिसीसाठी फोन करायचा म्हटलं की माझ्या पोटात गोळा यायचा. पण नोव्हेंबरात पेन्शनर काका-काकू हयातीचा दाखला द्यायला आले, की त्यांना समजावून सांगताना मला कधी कंटाळा येत नसे. म्हणजे माणसं मला हवीच होती, फक्त त्यांच्या गळ्यात काही मारायला नको होतं. हे लक्षात आल्यामुळेच दिवसभर एकटीनं स्क्रीनसमोर बसायची कामं मी यादीतून काढून टाकली. तुम्हीही काही आठवडे रोज संध्याकाळी दोन ओळी लिहा : आज कशात वेळ कसा गेला ते कळलं नाही, आणि काय उद्यावर ढकललं. 'बँकेचं काम' असं मोघम लिहू नका. तपासलं, जुळवलं, समजावलं, विकलं, असं नेमकं लिहा.

चाचणीच द्यायची असेल तर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९मध्ये मांडलेल्या सिद्धांतावरची द्या. त्यात कामाच्या आवडीचे सहा गट आहेत : हातानं करायची कामं, शोध आणि अभ्यास, कला, माणसांना मदत, पुढाकार आणि विक्री, पद्धतशीर नोंदी. अमेरिकेच्या कामगार खात्याची 'ओ-नेट' या संकेतस्थळावरची ६० प्रश्नांची चाचणी फुकट आहे. माझे मदत आणि नोंदी हे दोन गट वर आले. चार अक्षरांत स्वभाव सांगणाऱ्या चाचण्यांवर मात्र विसंबू नका, काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर कित्येकांचा प्रकार बदलतो.

मग ते काम आतून बघा, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. 'पुस्तकांत रमायला मिळेल' म्हणून ग्रंथालयात येणाऱ्यांना इथे वाचायला वेळ नसतो. दाखल नोंदी, वर्गीकरण, काउंटरवरची देवघेव, परीक्षेच्या दिवसांतली झुंबड आणि नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या फायली, यात दिवस सरतो. मला ते आवडतं. एखादी मुलगी विषय सांगते, नेमकं पुस्तक तिला सापडत नसतं आणि ते मी काढून देते, त्या कामाचा आनंद मला बँकेत कधीच मिळाला नाही. निर्णयाआधी मी सुट्टीच्या दिवशी गावातल्या सार्वजनिक वाचनालयात विनामोबदला काम करत असे. शिक्षणही नोकरी सांभाळून झालं : पदवीनंतर बी.लिब., म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवी, एका वर्षाचं असतं आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून ते करता येतं.

पगार कमी झाला, हे स्पष्ट सांगते. महाविद्यालयात ग्रंथपाल व्हायचं तर एम.लिब. आणि सहसा नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते, शिवाय जागा फार निघत नाहीत. घराचे हप्ते असतील तर आधी जोडीदाराबरोबर बसून कमी पगारातला महिन्याचा खर्च मांडा, आणि नवी नेमणूक हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नका.