वसंतात कुंड्या आणि वाफे फुलवायचेत? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

यावेळी बागेबद्दलचे प्रश्न खूप आलेत आणि बहुतेक सगळे एकाच गोष्टीभोवती फिरतायत: रोपं आणली, बी पेरलं, पाणी घातलं, तरी फोटोत दिसतात तशा कुंड्या काही भरत नाहीत. उत्तरं वाचताना एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, झाड फुलतं ते बी धरायला, आपल्याला रंग दिसावेत म्हणून नाही. हे एकदा डोक्यात बसलं की शेंडा का खुडायचा, सुकलेलं फूल का काढायचं, खत कमी का द्यायचं, हे सगळं आपोआप कळत जातं.

प्रश्न: वसंतात फुलं हवी असतील तर बी नेमकं कधी पेरायचं? पाकिटावर "स्प्रिंग" लिहिलंय म्हणून आम्ही वसंत सुरू झाल्यावर पेरलं, पण फुलं यायच्या आतच ऊन तापलं.

बी वसंतात पेरलं तर उशीरच होतो. पिटुनिया, पॅन्सी, डॉगफ्लॉवर (म्हणजे स्नॅपड्रॅगन) यांना पेरणीपासून फुलापर्यंत साधारण तीन महिने लागतात, कधी त्याहून जास्त. म्हणून फुलं कधी हवीत ते आधी ठरवा आणि तिथून मागे मोजत या. जिथे हिवाळा सौम्य असतो आणि बर्फ पडत नाही तिथे पाऊस संपला, हवा जरा थंडावली की पेरायचं, म्हणजे झाडं थंडीत अंग धरतात आणि हिवाळ्याच्या शेवटाला आणि वसंतात भरभरून फुलतात. जिथे हिवाळा कडक असतो तिथे शेवटचं गोठवणारं दंव कधी पडेल याचा अंदाज घेऊन त्याच्या ८ ते १२ आठवडे आधी घरात, उजेडाच्या खिडकीपाशी ट्रेमध्ये रोपं तयार करायची. ती रोपं एकदम बाहेर उन्हात ठेवू नका, ७ ते १० दिवस रोज थोडा थोडा वेळ बाहेर ठेवून हळूहळू सवय लावा, नाहीतर पानं पांढरी पडून भाजतात.

आणि वेळ निघूनच गेली असेल तर सरळ तयार रोपं आणा, त्यात काही कमीपणा नाही. फक्त आणताना फुललेलं रोप उचलायचा मोह टाळा, बुटकं, फांद्या फुटलेलं आणि कळ्या नुकत्या धरलेलं रोप घ्या, ते नव्या जागी लवकर रुजतं.

प्रश्न: पिटुनियाचं बी दोनदा पेरलं. पहिल्यांदा उगवलंच नाही, दुसऱ्यांदा उगवलं आणि चार दिवसांत सगळी रोपं आडवी झाली. बी खराब होतं का?

बी बहुतेक चांगलंच असणार. पिटुनियाचं बी धुळीसारखं बारीक असतं, एका ग्रॅममध्ये हजारो बिया, आणि त्याला उगवायला उजेड लागतो. आपण सवयीने वर मातीचा थर देतो आणि तिथेच ते दबून जातं. पिटुनिया, डॉगफ्लॉवर, पॉपी ही बियाणी ओल्या मातीवर नुसती पसरायची आणि बोटाने हलकेच दाबायची, झाकायची नाहीत. बारीक कोरडी वाळू मिसळून पसरली तर एकसारखी पडतात. याच्या उलट पॅन्सी आणि फ्लॉक्सला अंधार बरा वाटतो, त्यांच्यावर अर्धा सेंटिमीटर माती द्या. पिटुनियाला २१ ते २४ अंश सेल्सिअसची ऊब मिळाली तर आठ-दहा दिवसांत हिरवे ठिपके दिसायला लागतात, पॅन्सीला त्यापेक्षा थंड हवा आवडते आणि वेळही थोडा जास्त लागतो.

आता आडव्या झालेल्या रोपांचं. जवळून बघा, जिथे देठ मातीला टेकतो नेमका तिथेच तो बारीक, तपकिरी आणि पाणचट झालेला दिसेल, वरची पानं मात्र अजून हिरवी असतात. ही बुरशी आहे, याला रोप कोलमडणं म्हणतात, आणि ती येते ओल जास्त झाली, हवा खेळली नाही आणि रोपं फार दाट उगवली की. एकदा पडलेलं रोप वाचत नाही, म्हणून सगळी काळजी आधीच घ्यायची. ट्रे धुवून घ्या, बाहेरची जुनी माती वापरू नका, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा बी पेरायचं तयार मिश्रण घ्या, वर प्लास्टिक झाकलं असेल तर बी उगवताच ते काढून टाका, आणि पाणी वरून ओतण्यापेक्षा ट्रे पाण्याच्या ताटलीत ठेवून खालून शोषू द्या, वरचा थर ओला झाला की लगेच उचला. खरी पानं, म्हणजे उगवताना दिसणाऱ्या पहिल्या बीपानांनंतरची, दोन-तीन आली की रोपं वेगळी करायची.

लार्कस्पर आणि पॉपीसाठी मात्र ट्रेची खटपट करू नका, त्यांना मुळं हलवलेली चालत नाहीत, ती थेट जागेवरच पेरायची. स्वीट पी पण जागेवरच बरी, बी रात्रभर पाण्यात भिजवून पेरा आणि वेल चढायला जाळी आधीच लावून ठेवा.

प्रश्न: कुंडीच्या तळाशी खडे किंवा विटांचे तुकडे टाकावेत का? काहीजण म्हणतात निचरा होतो, काहीजण म्हणतात काही उपयोग नाही.

उपयोग नाही, उलट मुळांची जागाच कमी होते. पाणी बारीक मातीतून जाड खड्यांमध्ये सहज उतरत नाही, वरची माती पूर्ण भिजून तुडुंब झाल्यावरच ते खाली जातं, म्हणजे चिखलाचा थर तळाशी असतो तो उचलून मुळांच्या जवळ आणल्यासारखं होतं. भोकावर एक खापरीचा तुकडा किंवा जाळी ठेवली, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरती, की पुरे. निचरा ठरतो तो मिश्रणावर. नुसती बागेची माती कुंडीत दोन महिन्यांत घट्ट बसते, म्हणून एक भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं कंपोस्ट आणि एक भाग कोकोपीट किंवा जाडसर वाळू असं साधं मिश्रण करा. मातीची कुंडी घेतलीत तर ती लवकर सुकते, प्लास्टिकची ओल धरून ठेवते, त्याप्रमाणे पाणी. रोज ठराविक वेळी पाणी घालायची सवय सोडा आणि बोट दोन पेरं आत घालून बघा, कोरडं लागलं तरच घाला आणि खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत घाला.

प्रश्न: माझ्या कुंड्यांमध्ये झाडं खूप हिरवीगार, दाट झालीयेत पण फुलं मोजकीच. खत दर आठवड्याला देते. अजून कोणतं खत देऊ?

ताई, खत आधी थांबवा. नायट्रोजन जास्त झाला की झाड पानंच वाढवत बसतं, त्याला बी धरायची घाईच राहत नाही. नॅस्टरशियमचं तर विशेष सांगते, त्याला मुद्दाम हलकी, कमी कसाची माती द्यायची, सुपीक मातीत ते नुसती मोठ्ठी पानं करतं आणि फुलं त्याखाली लपतात. बाकीच्यांना कळ्या दिसायला लागल्यावर पोटॅश जास्त असलेलं पातळ खत दोन आठवड्यांनी एकदा दिलं तरी भागतं.

दुसरं म्हणजे ऊन. या बहुतेक झाडांना दिवसाला सहा तास थेट ऊन लागतं, "उजेड भरपूर आहे" म्हणजे ऊन नव्हे. एक दिवस सुट्टीच्या दिवशी दर तासाला बघून ठेवा की कुंडीवर ऊन कधी येतं आणि कधी जातं, बऱ्याचदा आपला अंदाज चुकलेला असतो.

तिसरी गोष्ट हाताची. रोप तळहाताएवढं झालं, पानांच्या चार-पाच जोड्या आल्या की वरचा शेंडा नखाने खुडायचा, पानांच्या जोडीच्या अगदी वर. जीवावर येतं हे मला माहितीये, पण शेंडा गेला की खालच्या पानांच्या बगलेतून दोन नवे फुटवे निघतात आणि प्रत्येक फुटव्याला फुलं येतात. डॉगफ्लॉवर आणि पिटुनिया दोघांनाही हे फार मानवतं.

आणि सुकलेली फुलं काढत राहा, पण नीट. पिटुनियाचं सुकलेलं फूल ओढलं की रंगीत भाग अलगद हातात येतो आणि आपल्याला वाटतं झालं काम, पण त्यामागची हिरवी वाटी झाडावरच राहिलेली असते आणि बी भरणार असतं ते तिथेच. ती वाटी देठासकट खुडायची. नाहीतर झाडाला वाटतं आपलं काम झालं आणि नव्या कळ्या कमी होत जातात. स्वीट पीच्या शेंगा राहू दिल्या तर वेल अक्षरशः फुलायचीच थांबते, म्हणून तिची फुलं बिनधास्त तोडून घरात लावा, जितकी तोडाल तितकी येतात.

प्रश्न: ट्यूलिप लावायचेत, पण आमच्याकडे थंडी फार पडत नाही. फ्रिजमध्ये कंद ठेवून जमतं का? एकदा ठेवले होते तर पानं आली पण फूल नाही.

जमतं. ट्यूलिपच्या कंदात पुढच्या फुलाची कळी आधीच तयार असते, तिला दांड्यासकट वर यायला दीर्घ थंडी लागते, साधारण १२ ते १६ आठवडे, ९ अंशांच्या खाली पण गोठणार नाही अशी. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये घाम सुटून बुरशी येते, आणि फ्रीझरमध्ये तर अजिबातच नाही. तुमची पानं आली आणि फूल नाही याची दोन कारणं असू शकतात. एक म्हणजे थंडीचे आठवडे कमी पडले. दुसरं, जे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, त्याच फ्रिजमध्ये फळं होती. पिकणारी फळं, विशेषतः सफरचंद, इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि त्याने आतली कळी मरते, बाहेरून कंद अगदी टणक आणि चांगला दिसतो. म्हणून कंद ठेवलेत तेवढे महिने फळं दुसरीकडे.

फ्रिजमधून काढले की लगेच लावा, कंदाच्या उंचीच्या दोन ते तीन पट खोल, टोक वर. कुंडीत अगदी जवळ जवळ लावले, एकमेकांना टेकणार नाहीत एवढंच अंतर ठेवून, तरी चालतं, आणि दिसतंही त्यातच सुंदर. फूल गेल्यावर पानं हिरवी आहेत तोवर कापू नका, साधारण सहा आठवडे ती कंदात अन्न भरत असतात. तरी खरं सांगायचं तर उबदार हवेत ट्यूलिप दुसऱ्या वर्षी क्वचितच नीट फुलतो, तो एका मोसमाचा पाहुणा समजूनच लावा. एवढा खटाटोप नको असेल तर पेपरव्हाइट नार्सिसस लावा, त्याला थंडीची ही अट नाही आणि वासही भरपूर, किंवा रॅननक्युलस लावा, त्याचे वाळलेले कंद तीन-चार तास पाण्यात भिजवून नख्यांसारखी टोकं खाली करून लावायचे.

प्रश्न: वाफ्यात सगळे रंग लावले तरी लांबून नुसता गोंधळ दिसतो. कशी मांडणी करू?

एकेक रोप विखरून लावलंत म्हणून. एका रंगाची पाच-सात रोपं एकत्र, मग दुसऱ्या रंगाचा पुंजका, असं करा, डोळ्याला जागा मिळते. मागे उंच लार्कस्पर आणि उंच जातीचे डॉगफ्लॉवर, मध्ये कॅलेंडुला किंवा डायन्थस, पुढे काठाला पॅन्सी आणि ॲलिसम. पिवळ्या-केशरीच्या शेजारी जांभळा निळा फार खुलतो. संध्याकाळी बागेत बसत असाल तर पांढरा जास्त ठेवा, अंधार पडताना बाकी रंग विझत जातात तेव्हा पांढराच दिसत राहतो. वाफ्याची रुंदी चार फुटांच्या वर नेऊ नका, दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे, नाहीतर सुकलेली फुलं काढायला आत पाय घालावा लागतो आणि माती दबते.

प्रश्न: घरात मांजर आहे आणि लहान मूल रांगतंय. कोणती फुलं टाळू?

हा प्रश्न विचारलात ते फार बरं केलंत. मांजर असेल तर खऱ्या लिली (लिलियम) घरात आणि बाल्कनीत नकोतच, कुंडीत नाही आणि फुलदाणीतही नाही, तिचं पान, परागकण, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराच्या किडन्या निकामी करू शकतं. डॅफोडिलचे कंद विषारी असतात आणि दिसतात कांद्यासारखे, म्हणून ते स्वयंपाकघरात ठेवायचेच नाहीत आणि पिशवीवर नाव लिहून उंचावर ठेवायचे. फॉक्सग्लोव्ह आणि लार्कस्पर ही झाडं, तसंच स्वीट पीच्या बिया, याही टाळा. पिटुनिया, पॅन्सी, डॉगफ्लॉवर, ॲलिसम, कॅलेंडुला यांच्याबद्दल तशी भीती नाही. मुलाने किंवा मांजराने काही चावलंय अशी शंका जरी आली तरी वाट बघू नका, झाडाचा तुकडा सोबत घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा.

प्रश्न: कळ्यांवर मावा पडलाय, फवारा कोणता?

आधी पाण्याची जोरदार धार, दोन-तीन दिवस रोज, बराचसा त्यातच जातो. उरला तर कडुलिंबाचं तेल थोडा सौम्य साबण घालून संध्याकाळी फवारा, उन्हात नको, पानं भाजतात. आणि काठाला ॲलिसम लावलंत तर त्याच्या बारीक फुलांवर फुलमाश्या येतात, त्यांच्या अळ्या मावा खातात.

प्रश्न: यावर्षीच्या फुलांचं बी धरून पुढच्या वर्षी लावलं तर तीच फुलं येतील का?

पाकिटावर एफ-१ हायब्रिड (दोन वेगळ्या जातींच्या संकराची पहिली पिढी) लिहिलं असेल, पिटुनियाच्या बऱ्याच पाकिटांवर असतं, तर सारखी येणार नाहीत, रंग आणि आकार काहीही निघू शकतो. कॅलेंडुला, नॅस्टरशियम, लार्कस्पर, पॉपी यांच्या साध्या जातींचं बी मात्र खुशाल धरा. मोसम संपत आला की प्रत्येकातलं एखादं जोमदार झाड निवडा, त्याची फुलं खुडायची थांबवा, बी झाडावरच तपकिरी होऊन सुकू द्या, मग कागदी पाकिटात घालून नाव, रंग आणि वर्ष लिहून कोरड्या, थंड जागी ठेवा. लार्कस्पर आणि पॉपीचं थोडं बी तिथेच वाफ्यात झडू दिलंत तरी चालेल, फक्त ती जागा पुढच्या पेरणीच्या वेळी खुरप्याने खोल उकरू नका.