मोंतेव्हेर्दीचं १६१० चं 'व्हेस्पर्स' (चर्चमधल्या सायंप्रार्थनेचं संगीत) ४० जणांच्या हौशी क्वायरला, म्हणजे गायकवृंदाला, झेपेल का? तयारी कुठून सुरू करावी?

झेपेल, पण आधी टेनर, म्हणजे उंच पट्टीत गाणारे पुरुष, मोजा. त्यातल्या 'निसी दोमिनुस' या भागात पाच-पाच आवाजांचे दोन क्वायर आहेत आणि दोन्हींत टेनरच्या दोन-दोन ओळी. ओळीमागे तिघे धरले तरी १२ टेनर लागतात. पहिला क्वायर गातो तेच दुसरा लगेच गातो, त्यामुळे पक्के गाणारे सगळे एकाच बाजूला उभे केलेत तर फरक लपत नाही. 'दुओ सेराफिम'चे तीन एकल टेनर मात्र बाहेरूनच आणा. एकाच सुरावर गळ्याने भरभर आघात देण्याची ती कला क्वायरमध्ये बसून येत नाही.

नोटेशन विकत घेण्याआधी पट्टी ठरवा. 'लाउदा येरूसालेम' आणि 'मान्यिफिकात' हे दोन भाग मूळ छापील प्रतीत उंच क्लेफमध्ये (ओळींवर कोणता स्वर कुठे हे सांगणारं चिन्ह) आहेत. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे असं संगीत सा ते म एवढं खाली उतरवून गायचं, असं १९८४ मध्ये संगीत-दिग्दर्शक अँड्र्यू पॅरट यांनी मांडलं. मला ते पटतं. लिहिलंय तसं गायलं तर शेवटाकडे सोप्रानो (सगळ्यात उंच आवाज) किंचाळतात आणि कॉर्नेटो हे जुनं लाकडी फुंकवाद्यही फार वर जातं. उतरवलं तर बास खर्जात जातात, म्हणून दोन-तीन खरे खोल आवाज हवेत. दोन्ही पट्ट्यांतल्या आवृत्त्या मिळतात. गायकांकडे एक आणि वादकांकडे दुसरी, असा घोळ होऊ देऊ नका. पोर्टेबल ऑर्गन भाड्याने घेताना त्याचा 'ए' स्वर ४४० हर्ट्झला लावलाय की ४६६ ला, हेही विचारा. दोन्हींत अर्ध्या स्वराचा फरक आहे.

तालमीचा सगळ्यात जास्त वेळ 'दिक्सित दोमिनुस' खातं. त्यात अधूनमधून अख्खी ओळ एकाच कॉर्डवर (एकत्र वाजणारे स्वर) म्हणायची असते आणि तिची लय लिहिलेलीच नाही. तिथे ठोके देऊ नका, प्रत्येक जण आपापलं मोजायला लागतो. आधी ते शब्द सुराशिवाय, लॅटिनच्या आघातांसह एकत्र म्हणून घ्या. हात फक्त ओळीच्या शेवटी, कॉर्ड बदलताना द्या.

तीनच्या लयीतले तुकडे मोठ्या, पांढऱ्या नोट्समध्ये छापलेले दिसतात, म्हणून हौशी दिग्दर्शक ते संथ घेतात. प्रत्यक्षात ते चपळ आहेत. मुख्य ठोका तोच ठेवून त्यात तीन बसवा.

'सोनाता'मध्ये सोप्रानो 'सांक्ता मारिया'ची एकच ओळ ११ वेळा गातात, दर वेळी लय वेगळी आणि मध्ये लांब विराम. विराम मोजत बसण्यापेक्षा प्रत्येक प्रवेशाआधीची व्हायोलिनची ओळ त्यांच्या पार्टमध्ये लिहून द्या. 'आउदी चेलुम'चा प्रतिध्वनी गाणारा टेनर गॅलरीत ठेवायचा असेल तर त्याला दिग्दर्शकाचा हात दिसलाच पाहिजे. नुसतं ऐकून गायला तर तो मागे पडतो.

कॉर्नेटोवादक मिळणं सगळ्यात अवघड आणि महाग. आधुनिक ट्रंपेटने ती जागा भरू नका, शब्द बुडतात, व्हायोलिन चालेल. ट्रॉम्बोनही अरुंद नळीचे घ्या.

पैसेच कमी असतील तर मोंतेव्हेर्दीनेच वाट ठेवली आहे. त्याच प्रकाशनात सहा आवाजांचं दुसरं 'मान्यिफिकात' आहे, त्याला फक्त कंटिन्युओ, म्हणजे ऑर्गनसारख्या वाद्याची खालच्या सुरांची साथ, लागतो. 'दिक्सित'मधले वाद्यांचे रितोर्नेलो (गाण्यामधले फक्त वाद्यांचे तुकडे) गाळले तरी चालतील, असं त्यानेच छापलंय. 'सोनाता' मात्र आठ वाद्यांशिवाय होणार नाही, ती सरळ वगळा.