१२३४५६७८९ फोडायला घेतलीत? आधी एवढं बघा

मूळ अवयव पाडायला संख्या छान निवडलीत. नऊ अंक बघून दचकू नका, वही-पेन्सिल पुरते.

आधी अंकांची बेरीज करा: ४५. म्हणजे ९ने भाग जाणार. बरेच नवखे इथेच चुकतात. ३ने एकदा भागतात आणि पुढे पळतात. जाईल तोवर भागत राहा. ९ने भागल्यावर १३७१७४२१ येतात. त्यांच्या अंकांची बेरीज २६, म्हणजे ३चं काम संपलं.

दुसरी चूक घाईची. ७, ११, १३ने भाग गेला नाही म्हणून ‘मूळ संख्या’ असं लिहून मोकळं व्हायचं नाही. वर्गमूळापर्यंत तपासावंच लागतं, त्यापुढे गरज नाही. इथे १३७१७४२१चं वर्गमूळ ३७०३च्या किंचित वर आहे. आणि भागायचं ते फक्त मूळ संख्यांनी.

इतके भागाकार जिवावर येत असतील तर फर्मा या फ्रेंच गणितज्ञाची युक्ती करून बघा. मला ती फार आवडते. वर्गमूळाच्या लगेच वरची पूर्ण संख्या घ्या, तिच्या वर्गातून १३७१७४२१ वजा करा, बाकी पूर्ण वर्ग आहे का बघा. नसेल तर एकाने पुढे जा.

- ३७०४: बाकी २१९५. नाही.
- ३७०५: बाकी ९६०४. हा ९८चा वर्ग!

म्हणून अवयव ३७०५ − ९८ = ३६०७ आणि ३७०५ + ९८ = ३८०३. दोन अवयव एकमेकांच्या इतके जवळ असले की ही युक्ती अशी झटकन लागते.

हे दोन्ही मूळ आहेत, पण माझ्यावर विसंबू नका. ६१पर्यंतच्या मूळ संख्यांनी स्वतः भागून बघा. मग १२३४५६७८९चे सगळे विभाजक लिहून काढा. १ आणि ती संख्या धरून १२ भरले पाहिजेत. बाकीची प्रमेयं सध्या राहू द्यात.