एचआरला फोन केला म्हणजे तक्रार झाली असं नाही

पुण्यातल्या एका आयटी कंपनीतल्या ताईंनी विचारलंय, आणि असंच मला, वकील म्हणून, महिन्यातून दोन-तीन जणी तरी विचारतात. मेंटॉरिंग प्रोग्राममध्ये मिळालेल्या सीनिअरनेच १२ फेब्रुवारीला टीम डिनरवरून परतताना कंपनीच्या कॅबमध्ये हात धरला, मग रात्रीबेरात्री मेसेज, शेवटचा २८ एप्रिलला. मे मध्ये एचआरला फोन केला तर "बघतो आम्ही". जूनमध्ये रेटिंग पाडलं, तेही त्यानेच. आता ऑगस्ट लागला. केस होते का, आणि पुन्हा कुणाला आपला मेंटॉर, म्हणजे कामातला मार्गदर्शक, करावं की नाही, असे दोन प्रश्न आहेत.

हा छळ आहे का यावर मी वेळ घालवत नाही, आहे. सगळं अडलंय ते तारखेवर. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचं कलम ९ सांगतं की शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार, आणि ती इंटर्नल कमिटीकडे, म्हणजे कंपनीत अशा तक्रारींची चौकशी करणाऱ्या समितीकडे. तुमचा फोन एचआरला गेला, कमिटीकडे तुमचा एक कागदही नाही, आणि २८ जुलै होऊन गेली. कमिटी आणखी जास्तीत जास्त तीन महिने देऊ शकते, पण उशिराचं कारण पटलं तरच, म्हणजे २८ ऑक्टोबर हा शेवट. त्यानंतर ब्रह्मदेव आला तरी कमिटीचे हात बांधलेले.

जूनचं रेटिंग हीच शेवटची घटना धरू असं कुणी सुचवलं तर त्यावर विसंबू नका. सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२५ मध्ये कोलकात्याच्या लॉ युनिव्हर्सिटीच्या प्रकरणात नेमकं हेच नाकारलं, शेवटची घटना एप्रिल २०२३ ची, तक्रार डिसेंबरची, मधली प्रशासकीय कारवाई वेगळी धरली आणि तक्रार मुदतीबाहेर गेली.

म्हणून २८ एप्रिलचा मेसेज हाच तुमचा जीव की प्राण, आणि तोच तुम्ही रागाच्या भरात चॅटसकट उडवलात! ताई, मनःस्थिती समजते मला, पण दर वेळी हेच ऐकून जीव तुटतो. नशीब की त्याच रात्री मैत्रिणीला स्क्रीनशॉट पाठवला होतात. त्यात तो लिहितो, "इतकी फॉर्मल का झालीस, एकटी भेट, रेटिंगचं बघू." भेट आणि रेटिंग एका ओळीत त्यानेच जोडलंय, कलम ३ मधलं आमिष ते हेच. कमिटी याला किती वजन देईल ते आत्ता सांगता येणार नाही.

तक्रारीच्या सहा प्रती, सोबत स्क्रीनशॉट, साक्षीदारांची नावं-पत्ते. मुदतवाढीचा वेगळा अर्ज, त्यात खरं तेच लिहा, की अप्रेझल त्याच्याच हातात होतं, भीती वाटत होती, एचआरच्या शब्दावर थांबले, फोनची तारीख-वेळ अमुक. कलम १२ खाली हेही मागा की चौकशी संपेपर्यंत तुमच्या कामाचा रिपोर्ट त्याने लिहू नये. चौकशीला ९० दिवस सांगितलेत, प्रत्यक्षात कमिट्या रेंगाळतात, तेव्हा प्रत्येक तारखेला मेल टाकत राहा. हात धरल्याबद्दल पोलिसांत जायचा रस्ता फौजदारी कायद्याच्या, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या, कलम ७५ खाली वेगळा आहे, तिथे ही तीन महिन्यांची अट नाही, पण तिथून कोर्टात गेलं की किती वर्षं जातील ते मी सांगू शकत नाही.

मेंटॉर जरूर करा. मला पहिल्यांदा कोर्टात उभं केलं ते माझ्या सीनिअरनेच, चेंबरचं दार सताड उघडं ठेवून माझा ड्राफ्ट लाल पेनने भरून टाकायचे, ते शिकणं अजून पुरतंय. फक्त जो शिकवतो त्याच्याच हातात रेटिंग नको, दुसऱ्या टीममधला माणूस मागा, भेटी ऑफिसच्या वेळेत आणि ठरवाठरवी ऑफिसच्या मेलवर.

आणि आज रात्रीच मैत्रिणीला फोन करा, तिला म्हणावं तो मोबाइल विकू नको, फॉरमॅट मारू नको, मूळ स्क्रीनशॉट तिच्याकडेच आहे.