इन्स्पेक्टर आणि निरीक्षक

प्रश्न : माझी मुलगी बारावीनंतर स्पर्धा परीक्षांची तयारी करीत आहे. ती रोज वीस इंग्रजी शब्द पाठ करते आणि आठवडा उलटेपर्यंत त्यांतले पंधरा विसरते. लॅटिन आणि ग्रीक धातू शिकले की अनोळखी शब्दांचे अर्थ आपोआप कळतात, असे तिला कोणीतरी सांगितले आहे. आमच्या घरात या भाषांचा कोणालाच गंध नाही. हा मार्ग तिला झेपेल का? – एक वाचक, सातारा

उत्तर : आपोआप काहीच कळत नाही, पण मार्ग चांगला आहे आणि तुमच्या मुलीला वाटतो तितका परका नाही. त्यासाठी लॅटिन किंवा ग्रीक भाषा शिकावी लागत नाही. पन्नास-साठ धातू आणि पंधरा-वीस उपसर्ग ओळखीचे झाले, तरी पुष्कळ शब्दांची गाठ सुटते.

‘स्पेक्ट’ हाच धातू घ्या. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘पाहणे’. इन्स्पेक्ट म्हणजे आत डोकावून पाहणे. रिस्पेक्ट म्हणजे वळून पाहणे. ज्याच्याकडे पुन्हा वळून पाहावेसे वाटते, त्याच्याविषयीचा आदर. सस्पेक्टमध्ये ‘खालून’ या अर्थाचा ‘सब’ हा उपसर्ग दडलेला आहे. खालून, चोरून पाहणाऱ्या नजरेतून संशयाचा अर्थ आला. आता संस्कृतातला ‘ईक्ष्’ हा धातू त्याच्याशेजारी ठेवा. त्याचाही अर्थ पाहणे, आणि त्यापासून निघालेले निरीक्षक, प्रेक्षक, परीक्षा, उपेक्षा हे शब्द आपण रोज वापरतो. इन्स्पेक्टरला आपण निरीक्षक म्हणतो आणि स्पेक्टेटरला प्रेक्षक. एक्स्पेक्ट म्हणजे मुळात बाहेर नजर लावून बसणे. त्यासाठीच्या ‘अपेक्षा’ या शब्दातही ईक्ष् आहे आणि मराठीत तर आपण सरळ ‘वाट पाहतो’. (एक्स्पेक्टच्या स्पेलिंगमध्ये ‘एक्स’ने धातूतला ‘एस’ गिळला आहे, हे एकदा लक्षात आले की ‘एक्स’नंतर ‘एस’ लिहिण्याची चूक पुन्हा होत नाही.) उपसर्ग धातूचा अर्थ बळेच दुसरीकडे नेतो, हे प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार ही उदाहरणे देऊन आपल्याकडच्या वैयाकरणांनी कधीच सांगून ठेवले आहे. तुमच्या मुलीला तीच युक्ती दुसऱ्या भाषेत वापरायची आहे.

काही धातू तर थेट नात्यातले आहेत. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच उगमातून निघाल्या असाव्यात, असे संस्कृतचे अभ्यासक विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात मांडले होते. डेंटिस्टमधला दंत, पेडलमधला पाद आणि जंक्शनमधला ‘योग’ देणारा युज् पाठ करावा लागत नाही, फक्त ओळखावा लागतो. मात्र आवाज जुळला म्हणजे नाते जुळले असे समजू नये. शंका आली की ज्या शब्दकोशात व्युत्पत्ती दिलेली असते तो उघडावा.

कारण फसगतीच्या जागाही बऱ्याच आहेत. पेडेस्ट्रियनमधला ‘पेड’ लॅटिन असून त्याचा अर्थ पाय, तर पीडियाट्रिशियनमधला ग्रीक असून त्याचा अर्थ मूल. मॅन्युफॅक्चरचा मूळ अर्थ हाताने घडवणे, आणि आज तो शब्द यंत्रांनी भरलेल्या कारखान्याला लागतो. सर्वांत धोक्याचा ‘इन’. इनव्हिजिबलमध्ये तो नकार दाखवतो, पण टँकरच्या पाठीवर लिहिलेल्या इन्फ्लेमेबलमध्ये दाखवत नाही. ‘न पेटणारे’ असा अर्थ लावणाऱ्याने त्या टँकरजवळ काडी न ओढलेली बरी.

मुलीने वहीच्या एका पानावर एकच धातू लिहावा, त्याखाली वाचनात प्रत्यक्ष भेटलेले शब्द त्यांच्या वाक्यांसह उतरवावेत, आणि आठवड्याला तीन-चार पानांपेक्षा जास्त हाव धरू नये. रोजच्या बोलण्यातल्या इंग्रजीला मात्र हा उपाय लागू पडत नाही. ‘गो’, ‘ईट’, ‘हाउस’ हे शब्द लॅटिनमधून आलेले नाहीत, आणि ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे हे कोणताही धातू सांगणार नाही. तिथे वाचन आणि कान यांवरच भिस्त ठेवावी लागेल.